भावांतराचा पैसा कोणाकडे गेला? इंदूरमधील एका मूल्यमापनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरमधील एका लहान आर्थिक संशोधन गटाने २०१८ साली मध्य प्रदेश शासनाच्या भावांतर भुगतान योजनेचे, सोयाबीन या एकाच पिकापुरते, मूल्यमापन केले. त्या कामात कोणत्या वळणावर कोणते निर्णय घ्यावे लागले आणि त्यांतून काय निष्पन्न झाले, याची ही नोंद आहे. गट, काम सोपवणारे कार्यालय, गावे आणि माणसे ओळखू येऊ नयेत एवढ्यापुरते तपशील बदललेले आहेत. अहवालातील आकडे काम सोपवणाऱ्यांच्या मालकीचे असल्यामुळे येथे त्यांची केवळ दिशा सांगितली आहे; योजनेचे जाहीर दर मात्र जसेच्या तसे दिले आहेत. प्रस्तुत लेखक गटात नव्हता. मसुदा वाचून शेरे देण्यासाठी बाहेरून ज्यांना बोलावले होते, त्यांपैकी तो एक.

माळव्यात खरीप म्हणजे सोयाबीन, असे समीकरण गेल्या चार-पाच दशकांत रूढ झाले. त्यापूर्वी इथल्या काळ्या जमिनीचा मोठा भाग पावसाळ्यात पडीक राही आणि ओलावा धरून ठेवून त्यावर रब्बीचा गहू-हरभरा घेतला जाई. सोयाबीनने ती रिकामी जागा भरली, त्याच्यामागून तेल काढणारे प्लांट आले, सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था इंदुरात आली, प्रक्रिया करणाऱ्यांची ‘सोपा’ ही संघटनाही इथलीच, आणि एनसीडीईएक्स या वायदे बाजारात सोयाबीनचे वायदे चालत तेव्हा त्यांचे मूळ वितरण केंद्रही इंदूरच होते. त्यामुळे लातूर किंवा कोट्याच्या व्यापाऱ्यालाही ‘इंदूरचा भाव काय’ हे सकाळी पाहावेच लागते.

२०१७ च्या उन्हाळ्यात शेतमालाच्या पडलेल्या भावांवरून राज्यात आंदोलन पेटले. ६ जून रोजी मंदसौर जिल्ह्यात पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही महिन्यांतच, सोयाबीनसह खरिपाच्या आठ पिकांसाठी, शासनाने भावांतर योजना जाहीर केली. शासनाने माल स्वतः विकत घ्यायचा नाही, गोदामे भरायची नाहीत. शेतकऱ्याने मंडीत खासगी व्यापाऱ्यालाच विकायचे आणि हमीभाव व बाजारभाव यांतला फरक शासनाने थेट त्याच्या खात्यात टाकायचा, ही तिची मूळ कल्पना. खरेदी, साठवण आणि तूट-फूट यांवरचा खर्च वाचवणारी म्हणून अनेक अर्थशास्त्रज्ञांना ती आकर्षक वाटली होती, आणि तसे वाटण्यात काही गैर नव्हते.

फरक मोजण्याची रीत मात्र नीट समजून घ्यावी लागते, कारण पुढचे सगळे प्रकरण तिच्यावरच उभे आहे. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव बोनस धरून ३,०५० रुपये क्विंटल होता. शासन ठरावीक काळानंतर एक ‘मॉडेल दर’ काढी. सोयाबीनसाठी तो मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि राजस्थान यांच्या मंड्यांतील प्रचलित दरांची सरासरी असे. १६ ते ३१ ऑक्टोबर २०१७ या काळासाठी तो २,५८० रुपये निघाला. मॉडेल दरापेक्षा कमी भावाने विकणाऱ्याला हमीभाव आणि मॉडेल दर यांतला फरक, म्हणजे ४७० रुपये, मिळे. मॉडेल दराच्या वर पण हमीभावाच्या खाली विकणाऱ्याला हमीभाव आणि त्याचा प्रत्यक्ष विक्रीदर यांतला फरक मिळे. एखाद्याने ओलसर माल २,३०० ने विकला, तर ४७० धरून हातात २,७७० पडत, म्हणजे हमीभावाला तो २८० रुपयांनी मुके. दुसऱ्याने २,५८० ने विकला तर त्याचे बरोबर ३,०५० होत. तिसऱ्याने चांगला वाळवलेला माल २,९०० ने विकला, तर त्याला १५० मिळून त्याचेही ३,०५० च होत.

दुसरा आणि तिसरा यांच्यात शेतकऱ्याच्या दृष्टीने काहीच फरक उरत नाही, ही यातली मेख आहे. २,५८० पासून ३,०५० पर्यंतच्या पट्ट्यात लिलावात भाव पाच रुपयांनी वाढला काय किंवा पन्नासांनी उतरला काय, शेतकऱ्याची मिळकत तीच राहते. वाढलेला रुपया शासनाचा वाचतो आणि उतरलेला रुपया व्यापाऱ्याच्या पदरात पडतो. मॉडेल दर विक्रीनंतर जाहीर होत असल्यामुळे आपण पट्ट्याच्या आत आहोत की खाली, हे ट्रॉलीवर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला त्या क्षणी कळत नसे, हे खरे. पण ‘बाकीचे सरकार देईल’ ही भावना मंडीत पसरायला तेवढी अनिश्चितता आड येत नाही.

विचारलेला प्रश्न

कार्यालयाने गटाकडे दिलेल्या कार्यकक्षेत चार गोष्टी होत्या: नोंदणी किती सुलभ झाली, रक्कम किती दिवसांत जमा झाली, किती शेतकऱ्यांना लाभ झाला आणि ते समाधानी आहेत का. बाजारभावाविषयी एक शब्दही नव्हता. गटाच्या प्रमुख म्हणजे अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. गटातले सगळे त्यांना ‘बाई’ म्हणत. घरी मराठी, मंडीत माळवी आणि अहवालात इंग्रजी असे तीन भाषांत वावरणारे हे पाच-सहा जणांचे मंडळ. पहिल्याच बैठकीत त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला: भावांतराचे पैसे खात्यात आले, पण मंडीतला भाव तेवढ्यानेच खाली गेला असेल, तर लाभ नेमका कोणाला झाला म्हणायचा?

विचारले तेवढेच उत्तर द्यावे, असे दोघांचे मत होते. त्यात अप्रामाणिकपणा काही नव्हता. पैसे वेळेवर येणे हीही शेतकऱ्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही आणि त्याची नीट मोजणी क्वचितच होते. काम नाकारावे, असे एकाने सुचवले. तिसरा मार्ग होता तो स्वतःच्या हिमतीवर बाजारभावाचे प्रकरण जोडण्याचा. पण कार्यकक्षेबाहेरचे प्रकरण कार्यालय एका शेऱ्यानिशी गाळू शकते, हे बाईंना अनुभवाने माहीत होते. त्यांनी करारावर सही करण्याआधी पत्र लिहून कार्यकक्षेत एकच वाक्य वाढवून घेतले: योजनेच्या काळातील बाजारभावांच्या हालचालीचाही आढावा घेण्यात यावा. कार्यालयाला ते निरुपद्रवी वाटले असावे. माझ्या मते सबंध प्रकरणातला सर्वांत दूरदर्शी निर्णय हाच, आणि तो सर्वेक्षणाचा पहिला कागद छापण्यापूर्वीच होऊन गेला होता.

तुलना कशाशी

योजनेमुळे भाव पडला का, हे सांगायचे तर योजना नसती तर भाव काय असता, हे आधी ठरवावे लागते, आणि तो भाव कोणत्याही पोर्टलवर मिळत नाही. गटाने तीन तुलना विचारात घेतल्या आणि त्यांवर बराच काळ घातला. तो योग्यच घातला, असे म्हणावे लागेल.

पहिली तुलना मागल्या वर्षाशी. मंड्यांचे दर नोंदवणाऱ्या ॲगमार्कनेट या शासकीय पोर्टलवर २०१६ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरचे मंडीनिहाय दर सहज मिळत होते आणि कोणालाही समजेल असा आलेख निघत होता. पण ८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटबंदी झाली होती. ऐन आवकेच्या दिवसांत व्यापाऱ्यांकडे रोकड नव्हती, व्यवहार थंडावले होते, आणि आधीच बिघडलेल्या वर्षाशी तुलना केली तर योजनेचे वर्ष आहे त्याहून बरे दिसण्याचा धोका होता.

दुसरी तुलना शेजारच्या राज्यांशी. मध्य प्रदेशात योजना होती, महाराष्ट्रात आणि राजस्थानात नव्हती. तेव्हा योजनेआधी आणि योजनेच्या काळात या राज्यांच्या भावांतले अंतर कसे बदलले ते पाहावे, ही अर्थमितीतली नेहमीची पद्धत. गटातला संख्याशास्त्रज्ञ हिच्या बाजूने होता. अडचण अशी की सोयाबीन ट्रकमध्ये बसून सीमा ओलांडते. मध्य प्रदेशात भाव उतरले तर सीमेपलीकडचे प्लांट इकडून माल उचलतात आणि तिकडचाही भाव ओढला जातो. उलट तिकडचा माल इकडच्या कोणाच्या नोंदणीवर येऊन विकला जाण्याचाही संभव असतो. दोन्ही बाबतींत ज्याला आपण योजनेपासून अलिप्त समजतो, तो बाजार अलिप्त राहत नाही. शिवाय १७ नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्राने खाद्यतेलांवरचे आयात शुल्क वाढवले; कच्च्या सोयाबीन तेलावरचे १७.५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेले. योजनेचा काळ सुरू असतानाच सगळीकडचे भाव हलले, पण ते सगळीकडे सारख्या प्रमाणात हलले असतील, याची खात्री कोण देणार?

तिसरी तुलना सुचली ती संशोधकाला नव्हे, तर गटाने सल्ल्यासाठी बोलावलेल्या एका निवृत्त मंडी निरीक्षकांना. ते इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीतले, वयाने मोठे. सगळे त्यांना ‘काका’ म्हणत. त्यांचे म्हणणे असे की मंडीचा भाव मागच्या वर्षाशी किंवा लातूरशी जोडून पाहण्याऐवजी त्याच दिवसाच्या प्लांट भावाशी जोडून पाहा. तेल काढणारा प्रत्येक प्लांट रोज आपला खरेदीदर कळवतो, आणि मंडीतला व्यापारी तो पाहूनच बोली लावतो. प्लांट भावातून मंडी शुल्काचे दोन टक्के, निराश्रित शुल्क, हमाली-तुलाई, भाडे आणि ओलाव्याची घट वजा केली की जे उरते, ते आणि लिलावाचा भाव यांतले अंतर म्हणजे व्यापाऱ्याचा वाटा. आयात शुल्क वाढले, डीओसीला म्हणजे सोयापेंडीला परदेशात मागणी कमी-जास्त झाली, तर प्लांट भाव आणि मंडी भाव दोन्ही एकत्र हलतात; मधले अंतर त्यामुळे फारसे बदलायला नको. ते जर योजना सुरू होताच रुंदावले आणि योजना संपताच आवळले, तर त्याला योजनेखेरीज दुसरे कारण शोधावे लागेल.

गटाने ही तिसरी तुलना मुख्य धरली आणि शेजारच्या राज्यांची तुलना पडताळणीपुरती ठेवली. जुने प्लांट भाव मिळवायला मात्र कष्ट पडले. वर्तमानपत्रांच्या बाजारपानांवर ते तुटक होते. अखेरीस एका आडतीच्या मुनीमजींनी मोबाइलवर साठवून ठेवलेले रोजचे संदेश दाखवले आणि त्यांवरून रकाने भरले गेले. अर्थमितीच्या पाठ्यपुस्तकात हा टप्पा सापडत नाही.

यादीबाहेरची माणसे

कार्यालयाने नोंदणीकृत शेतकऱ्यांची यादी दिली होती. तिच्यातून यादृच्छिक नमुना काढणे सोपे, स्वस्त आणि लाभार्थ्यांपुरते निर्दोषही होते. पण नोंदणीला जमिनीची कागदपत्रे लागत. जो दुसऱ्याची जमीन बटाईने कसतो त्याचे नाव खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, नसते. मध्य प्रदेशात भूमिस्वामी आणि बटाईदार यांच्या हितरक्षणाचा कायदा २०१६ मध्ये झाला आहे आणि त्यात लेखी कराराची तरतूद आहे, पण गावात बटाई अजून शब्दावर चालते. मालक लिहून देत नाही आणि बटाईदार मागत नाही. त्यांच्यासोबत मुदतीत नोंदणी न केलेले आणि हंगामाच्या सुरुवातीलाच गावातल्या व्यापाऱ्याला माल देऊन मोकळे झालेले लहान शेतकरीही यादीबाहेर होते.

त्यांना घ्यायचे तर निवडलेल्या प्रत्येक गावात घरोघर फिरून सोयाबीन पेरणाऱ्यांची स्वतंत्र यादी करावी लागणार होती. पैसे तेवढेच होते, म्हणून गावांची संख्या निम्मी करावी लागणार होती. संख्याशास्त्रज्ञाचा आक्षेप बिनचूक होता: गावे कमी केली की अंदाजातील अनिश्चितता वाढते, कारण एकाच गावातले शेतकरी एकाच मंडीत, बहुधा एकाच आठवड्यात विकतात, दहा जणांकडून मिळणारी माहिती प्रत्यक्षात तीन-चार जणांएवढीच असते.

“बाई, आपण कमी गावांतून जास्त सांगू पाहतो आहोत,” असे तो म्हणाल्याचे टिपणात आहे. बाईंनी निर्णय यादीबाहेरच्यांच्या बाजूने दिला. तेव्हा त्यांचे कारण न्यायाचे होते: ज्यांना योजना पोचली नाही, त्यांच्यावर तिचा परिणाम झाला का, हे कोणी विचारणार की नाही? भाव पडला असेल तर तो त्यांचाही पडला, आणि भरपाई मात्र त्यांना नाही. या निर्णयाचा दुसरा, पद्धतीच्या दृष्टीने अधिक मोठा उपयोग पुढे निघाला, तो त्या वेळी कोणाच्याच लक्षात आला नव्हता.

पर्चीवरचा भाव

मंडीत माल शिरला की प्रवेश पर्ची बनते, लिलावानंतर अनुबंध पर्ची म्हणजे ठरलेल्या सौद्याचा कागद, मग तौल म्हणजे वजन, आणि शेवटी भुगतान पत्रक. भावांतराची रक्कम या कागदांवर ठरत असे. गटाने पहिल्या काही मुलाखतींत ही कागदपत्रे तपासली, तेव्हा काकांना विचारले गेले:

“काका, अनुबंध पर्चीवरचा भाव खरा धरायचा ना?”

“पर्ची खरी आहे. तिच्यावरचा भाव खरा की नाही, ते तुम्हालाच शोधायचे आहे.”

त्यांचा रोख स्पष्ट होता. हमीभाव आणि मॉडेल दर यांच्यामधल्या पट्ट्यात शेतकऱ्याला भावाचा फरक पडत नसल्यामुळे, माल २,९०० ने घेऊन पर्चीवर २,६०० लिहिण्यात व्यापारी आणि शेतकरी दोघांचाही फायदा होऊ शकतो. वरचे तीनशे रोखीत वाटून घेता येतात आणि भार शासनावर पडतो. हे किती प्रमाणावर झाले हे काकांना माहीत नव्हते आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. पण शक्यता असली की काकांनीच सुचवलेली तुलना अडखळते. प्लांट भाव आणि पर्चीवरचा भाव यांतले अंतर रुंदावलेले दिसले, तर त्याचे दोन अर्थ होतात: व्यापाऱ्यांनी शेतकऱ्याला खरोखरच कमी दिले, किंवा दिले पुरेसे आणि लिहिले कमी. पहिल्यात शेतकरी नाडला गेला, दुसऱ्यात खजिना. धोरणासाठी या दोन्हींवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

शेतकऱ्यालाच विचारावे, तर तो शासकीय कामावर आलेल्या अनोळखी माणसाला ‘हो, मी रोख घेतली’ असे का सांगेल? आणि सांगितलेच, तर त्याच्या नावासमोर ते लिहून ठेवण्याचा अधिकार कोणाला? गटात यावर वाद झाला. एका सदस्याचे म्हणणे असे की नावे गुप्त ठेवण्याची हमी देऊन थेट प्रश्न विचारावा. बाईंनी ते फेटाळले, कारण करारानुसार मूळ माहिती अखेरीस कार्यालयाच्या स्वाधीन करायची होती आणि तिथे गेल्यावर गुप्ततेची हमी गटाच्या हातात राहणार नव्हती. जी हमी पाळता येणार नाही ती देऊ नये, एवढ्यावर चर्चा संपली. प्रश्नावलीत रोख रकमेचा प्रश्न आला नाही.

तेव्हा यादीबाहेरची माणसे कामास आली. नोंदणी नसलेल्याने गावातल्या व्यापाऱ्याला माल विकला, तर कागदावर कमी लिहिण्याचे कोणालाच कारण नाही. तो सांगेल तो भाव लाभाच्या हिशेबाने वाकलेला नसतो. त्याचा भाव प्लांट भावापासून दूर गेला असेल तर शेतकऱ्याला मिळणारा भाव खरोखर पडला. त्याचा जागच्या जागी राहून फक्त मंडीच्या पर्च्यांवरचा भाव खाली गेला असेल, तर ती घसरण बहुतांशी कागदावरची. ज्यांचा योजनेशी संबंध नाही म्हणून कार्यालयाने ज्यांना यादीत धरले नव्हते, त्यांच्यामुळेच योजनेच्या काळातला खरा भाव ओळखण्याची वाट सापडली. या साधनालाही मर्यादा होती: गावातल्या व्यापाऱ्याने तो माल दुसऱ्या कोणाच्या नोंदणीवर मंडीत नेला असेल, तर तो थोडा अधिक भाव देऊ शकतो. अहवालात ही मर्यादा स्पष्ट लिहिलेली आहे.

प्रत्यक्ष काम

मुलाखती गव्हाच्या कापणीच्या आधी आटोपायच्या होत्या. विक्रीला काही महिने उलटून गेले होते, म्हणून तारखांऐवजी सणांचा आधार घेतला. २०१७ ची दिवाळी १९ ऑक्टोबरला होती, म्हणजे योजनेचा काळ सुरू झाल्यावर तीनच दिवसांनी. देवउठनी ग्यारस, म्हणजे कार्तिकी एकादशी, ३१ तारखेला, म्हणजे पहिल्या मॉडेल दराचा काळ संपतो त्याच दिवशी. ‘दिवाळीआधी विकले, ग्यारशीच्या आत की नंतर’ या प्रश्नाचे उत्तर शेतकरी बिनचूक देत. याच नोंदींवरून आणखी एक गोष्ट कळली: दिवाळीच्या सुटीनंतर मंड्या उघडल्या तेव्हा ट्रॉल्यांच्या रांगा लागल्या होत्या, हमाल कमी पडत होते, आणि रांगेत रात्र काढलेला माणूस मिळेल त्या बोलीला मान डोलावत होता. योजनेला विक्रीची मुदत असल्यामुळे, एरवी जो माल हळूहळू मंडीत येतो तो एकदम आला. भाव पडण्यात व्यापाऱ्यांच्या संगनमतापेक्षा ही गर्दी किती कारणीभूत होती, हे वेगळे काढणे गटाला जमले नाही.

अहवाल

निष्कर्षांची दिशा अशी होती. योजना सुरू झाल्यावरच्या पहिल्या आठवड्यांत प्लांट आणि मंडी यांच्यातले अंतर रुंदावले, नंतर ते कमी होत गेले. नोंदणी नसलेल्यांचे भावही प्लांट भावापासून दुरावले होते, पण पर्च्यांवरच्या भावांपेक्षा कमी. म्हणजे घसरण काही अंशी खरी आणि काही अंशी कागदावरची. कोणता अंश किती, हे गटाने एका आकड्यात न सांगता एका कक्षेत, म्हणजे किमान इतका ते कमाल तितका असे, सांगितले, आणि गावे कमी असल्यामुळे ती कक्षा चांगलीच रुंद होती. संख्याशास्त्रज्ञाने दिलेला इशारा इथे खरा ठरला.

कार्यालयाला एक आकडा हवा होता. सादरीकरणात एका अधिकाऱ्यांनी सरळ विचारले की अमुक ते तमुक असे उत्तर घेऊन वरिष्ठांकडे कसे जायचे. विधानसभेची निवडणूक त्याच वर्षी, २०१८ च्या नोव्हेंबरात, व्हायची होती, तेव्हा त्यांचीही अडचण समजण्यासारखी होती. गटापुढे पुन्हा पर्याय उभे राहिले: कक्षेचा मध्य काढून तो द्यावा, बाजारभावाचे प्रकरणच मागे घ्यावे, किंवा कक्षा कायम ठेवून सुरुवातीला दोन पानांचे सोपे टिपण जोडावे. तिसरा पर्याय स्वीकारला गेला. कार्यालयाने त्यावर प्रतिप्रस्ताव दिला की यादीबाहेरच्या शेतकऱ्यांचा भाग परिशिष्टात हलवावा, कारण ते लाभार्थी नाहीत. बाईंनी शब्द न बदलण्याच्या अटीवर ते मान्य केले. गटातल्या दोघांना ते पटले नाही, आणि मसुदा वाचणारा म्हणून मलाही पटले नव्हते: परिशिष्टाशिवाय मुख्य प्रकरणातली कक्षा कशावरून आली, हेच वाचकाला कळत नाही.

परिणाम

अहवाल स्वीकारला गेला आणि मोबदला मिळाला. नोंदणी आणि पैसे जमा होण्यातील विलंब यांविषयीच्या सूचनांवर कार्यालयाने टिपण मागवले. बाजारभावाच्या प्रकरणावर लेखी प्रतिसाद आला नाही.

दरम्यान धोरण पुढे सरकले. २०१८ च्या खरिपात राज्याने सोयाबीनसाठी फरक मोजण्याची पद्धत सोडून क्विंटलमागे सरसकट ५०० रुपये जाहीर केले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा बदल लक्षणीय आहे. रक्कम ठरलेली असली की लिलावात वाढलेला प्रत्येक रुपया शेतकऱ्याचाच राहतो आणि पर्चीवर कमी भाव लिहिण्यात कोणाला लाभ उरत नाही; मात्र भाव फार कोसळला तर ५०० रुपये अपुरे, आणि चढला तरी खर्च ठरलेलाच. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्रानेही शेतकऱ्यांना हमीभाव मिळावा म्हणून आणलेल्या पीएम-आशा योजनेत तेलबियांसाठी भावफरक भरपाईचा पर्याय ठेवला. यांपैकी कशाचाही या अहवालाशी संबंध जोडता येत नाही. मंड्यांतून शासनापर्यंत तक्रारी आधीच पोचल्या होत्या, आणि निवडणुकीच्या वर्षात ठरावीक रक्कम जाहीर करणे सोपेही असते. संशोधकांनी अशा योगायोगाचे श्रेय घेण्याची प्रथा आहे; या गटाने ते घेतले नाही.

वेगळे काय करता आले असते

परिशिष्टाचा निर्णय मी वेगळा घेतला असता. बाईंची बाजू अशी की मजकूर शाबूत राहिला, जो शोधील त्याला सापडेल. पण शासकीय अहवालाचे परिशिष्ट शोधणारा वाचक विरळा. मुख्य प्रकरणात निदान एक तक्ता ठेवण्याचा आग्रह धरायला हवा होता, मग मंजुरीला आणखी काही महिने लागले असते तरी चालले असते. तेवढा काळ मोबदला अडल्याने गट अडचणीत आला असता, हे बाईंचे उत्तरही खरे आहे.

मालाचा दर्जा मोजायचा राहिला. ओलावा, दाग आणि माती यांविषयी शेतकऱ्याने सांगितले ते लिहून घेतले. पण हमीभाव १२ टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याच्या मालाला असतो, आणि दिवाळीआधीचे सोयाबीन बरेचदा त्याहून ओले असते. यादीबाहेरचे लहान शेतकरी गरजेपोटी लवकर विकतात, तेव्हा त्यांचा माल अधिक ओला असण्याची शक्यता आहे. त्यांचा पडलेला भाव काही अंशी दर्जाचा असेल. मंडीत बसून मीटरने मोजल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही, आणि त्यासाठी मूल्यमापन हंगाम सुरू असतानाच करावे लागते.

ज्यांनी माल घरात ठेवला, त्यांना गटाने विचारलेच नाही. आयात शुल्क वाढल्यानंतरच्या महिन्यांत सोयाबीनचे भाव चढले. मुदतीत विकून भावांतर घेणारा आणि थांबून चढा भाव घेणारा यांची तुलना केली असती, तर योजनेने शेतकऱ्याला घाई करायला लावली का, हे कळले असते. कार्यकक्षेत वाढवून घेतलेल्या वाक्यात ‘योजनेच्या काळातील’ हे शब्द होते, आणि त्या शब्दांनी मुदतीनंतरचा बाजार बाहेर ठेवला.

२०२५ च्या खरिपात मध्य प्रदेशाने सोयाबीनसाठी भावांतर पुन्हा आणले. त्या हंगामात हमीभाव ५,३२८ रुपये होता. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे स्थगित झाल्यामुळे तुलनेचे एक साधन मधल्या काळात नाहीसे झाले होते. गटातला तो संख्याशास्त्रज्ञ आता दुसऱ्या संस्थेत आहे. त्याने या वेळी नोंदणी सुरू झाली तेव्हापासूनच रोजचे प्लांट भाव टिपायला सुरुवात केली, आणि त्यांच्या शेजारी गावातल्या व्यापाऱ्याने नोंदणी नसलेल्याला दिलेल्या भावासाठी एक वेगळा रकाना ठेवला आहे.